'पत्रिका बघून कळवतो' आणि जपानी क्लायंट

हा एपिसोड ऐकायला चाळीस मिनिटं लागतात, आणि लोकलमध्ये नेटवर्क जातं अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. म्हणून नेहमीसारखं लिहूनही काढलंय. मधले 'अं', 'म्हणजे ना' तेवढे गाळलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे परक्या देशात धंदा. मी फक्त जपानबद्दल बोलणार आहे. कारण सोपं आहे, तिथे माझे स्वतःचे पैसे गेलेत. आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या मित्राचे.

नवीन लोकांसाठी थोडी ओळख. मी कॉम्प्युटरमध्ये बीटेक, वय 29, पुण्यात एका आयटी कंपनीत सात वर्षं झाली. 2022 मध्ये मी आणि माझा हॉस्टेलचा रूममेट, आम्ही दोघांनी शनिवार-रविवार बसून एक छोटं सॉफ्टवेअर बनवलं. भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपमध्ये मशीनच्या देखभालीची नोंद वहीत करतात. ऑइल कधी बदललं, बेअरिंग कधी बदललं, असं सगळं. ती वही आम्ही मोबाइलवर आणली. अकरा वर्कशॉप पैसे देऊन वापरत होती. फार नाही, पण चालू होतं.

मग डोक्यात आलं जपान. टोकियोचा ओता वॉर्ड किंवा ओसाकाजवळचं हिगाशी-ओसाका ही गावं लहान कारखान्यांसाठीच ओळखली जातात. पाच-दहा माणसांचे, घरातलेच लोक चालवतात असे कारखाने. आम्हाला वाटलं, हे तर भोसरीच, फक्त स्वच्छ! मी ऑफिसात तीन वर्षं जपानी प्रोजेक्टवर काम केलं होतं, त्यामुळे मला जपान कळतं असाही माझा समज होता. खरं म्हणजे मला फक्त तिकिटं दिसायची. क्लायंटशी बोलायला मध्ये एक 'ब्रिज इंजिनियर' असायचा. तो काय करतो हे मला कधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं, भाषांतर करतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये आम्ही गेलो. विमान, हॉटेल, दुभाषी, वेबसाइटचं भाषांतर, सगळं मिळून साडेतीन लाख.

हिगाशी-ओसाकातल्या एका कारखान्यात डेमो होता. समोर मालक आणि त्यांचे चार लोक. चाळीस मिनिटं मी दाखवत होतो. ते मान हलवत होते, "हाय, हाय" म्हणत होते. मग प्रश्न आले. फोन ऑइलमध्ये पडला तर? रात्रपाळीत सॉफ्टवेअर बंद पडलं तर फोन कोण उचलणार? तुमची कंपनी किती वर्षांची आहे? तुम्ही उद्या बंद केलंत तर आमच्या नोंदी कुठे जाणार? प्रत्येक प्रश्नाला मी एक फीचर दाखवलं. किमतीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आम्ही खूश!

शेवटी मालक काहीतरी बोलले. दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं की ते याचा सकारात्मक विचार करतील. सगळे लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि दार बंद होईपर्यंत वाकून उभे राहिले. भोसरीत आम्हाला चहा मिळतो, पण असा निरोप कधी मिळाला नव्हता. मित्र शाकाहारी. त्याने आलुबुखाऱ्याची ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा, खात हॉटेलवर जाहीर केलं, "झालं काम." परत आल्यावर आठवड्याभरात त्याने नोकरीचा राजीनामा दिला.

मी दिला नाही. हे मुद्दाम सांगतोय.

पुढचे सात महिने आम्ही जपानी व्हर्जन बनवत बसलो. मित्र पूर्ण वेळ, मी रात्री. बचतीतले पैसे संपत गेले, त्याचे जास्त, माझे कमी. भोसरीतल्या गिऱ्हाइकांकडे दुर्लक्ष झालं, दोघं सोडून गेले. दर पंधरा दिवसांनी ओसाकाला मेल टाकायचो. दुसऱ्याच दिवशी उत्तर यायचं, अतिशय नम्र. प्रत्येक वेळी तोच शब्द, 'केंतो'. विचार चालू आहे.

जून 2024 मध्ये मी ते सगळे मेल आमच्या जपानीच्या बाईंना दाखवले. हो, तोपर्यंत मी क्लास लावला होता. बाईंनी तीन मेल वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "तुझ्या बहिणीचं लग्न जमवताना कोणी 'पत्रिका बघून कळवतो' म्हणालं होतं का?"

म्हटलं, "चार जण."

"मग तुम्ही त्यांची किती महिने वाट बघितली?"

मला जे समजायचं ते तिथेच समजलं.

'हो' कसं म्हणतात हे नंतर, आधी 'नाही' कसं म्हणतात ते शिका

जपानी भाषेत 'केंतो शिमासु' म्हणजे 'विचार करतो'. धंद्याच्या बोलण्यात हा बऱ्याचदा सभ्य नकार असतो. 'मुझुकाशी देसु', म्हणजे 'अवघड आहे', हाही नकारच. कोणी 'चोत्तो...' म्हणजे 'जरा...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, श्वास आत ओढला, तरी समजून घ्यायचं. आणि 'हाय' म्हणजे हो हे खरं असलं तरी तुम्ही बोलत असताना ते 'हाय' म्हणतात त्याचा अर्थ 'ऐकतोय' एवढाच. आपण फोनवर 'हं, हं' करतो ना, तसं.

लोक म्हणतात, जपानी माणूस सरळ बोलत नाही. मला हे पटत नाही. आपण तरी कुठे बोलतो? 'बघू', 'घरी विचारून सांगतो', 'पत्रिका जुळत नाही'. यातला नकार मराठी माणसाला लगेच कळतो. पत्रिका खरंच बघितली का, असं आपण विचारत नाही. समोरच्याने आपली अब्रू राखली, आपण त्याची राखायची.

तोच नकार आम्हाला ओसाकात कळला नाही, कारण तो इंग्रजीतून आला. दुभाष्याने शब्द बरोबर सांगितले होते. त्या शब्दांमागची पत्रिका त्याने सांगितली नाही, आणि ते त्याचं काम असतं हे आम्ही त्याला सांगितलंही नव्हतं. माझ्या ऑफिसातला तो ब्रिज इंजिनियर हेच काम करायचा. क्लायंट 'जरा अवघड' म्हणाला की तो आम्हाला 'हे करू नका' असं सांगायचा. आम्ही त्याला भाषांतरकार समजत होतो.

या सगळ्या गोंधळातून मला मिळालेला मुद्दा हा आहे. प्रॉडक्ट परदेशात नेता येतं. सोबत जात नाही ती विश्वास ठेवायची आणि निर्णय घ्यायची पद्धत. ती तिथलीच असते, आणि ती तिथल्याच माणसाकडून शिकावी लागते.

निर्णय मीटिंगमध्ये होतच नाही

पुण्यात सिंहगड रोडवर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय. तिथे फिरताना मला 'नेमावाशी' हा शब्द नेहमी आठवतो. हा मूळ माळ्यांचा शब्द. मोठं झाड दुसरीकडे न्यायचं असेल तर माळी ते एकदम उपटत नाही. कित्येक महिने आधी मुळांभोवती खणतो, काही मुळं छाटतो, बारीक नवी मुळं फुटू देतो, आणि मग झाड हलवतो.

जपानी कंपनीत निर्णयाचं तसंच असतं. मीटिंगच्या आधी प्रत्येकाला वेगवेगळं भेटून विषय कानावर घालायचा, त्याची शंका ऐकायची, प्रस्तावात बदल करायचा. मग 'रिंगी' नावाचा कागद फिरतो. खालपासून वरपर्यंत एकेक जण त्यावर शिक्का मारतो. मीटिंग होते तेव्हा सगळं ठरलेलं असतं. आम्ही काय केलं? थेट मालकासमोर जाऊन पाच जणांना पहिल्यांदाच सगळं दाखवलं. फोरमनला आधी कोणी विचारलं नव्हतं, आणि वही फोरमनच लिहीत होता! मालकाला आवडलं असतं तरी त्याच्या माणसाला डावलून त्याने 'हो' म्हटलं नसतं.

याला वेळ लागतो. पण एकदा ठरलं की अंमलबजावणी भराभर होते, कारण नंतर अडवणारं कोणी उरलेलं नसतं. आपल्याकडे उलटं. 'हो' पाच मिनिटांत, आणि मग सहा महिने 'साहेबांची सही राहिलीय'.

मोठेही इथेच अडकले

तुम्ही म्हणाल, तुम्ही दोन पोरं, अनुभव नव्हता. ठीक. मोठ्यांचं बघा.

ईबे 2000 च्या सुरुवातीला जपानमध्ये आलं. याहू जपानचे लिलाव 1999 च्या सप्टेंबरमध्येच सुरू झाले होते, म्हणजे फरक काही महिन्यांचाच. पण ईबेने सुरुवातीपासून फी लावली आणि क्रेडिट कार्ड मागितलं. तिकडे याहूवर फुकट होतं, आणि बरेच जपानी लोक ऑनलाइन कार्डाचा नंबर द्यायला कचरत होते. अमेरिकेत कार्ड मागणं म्हणजे विश्वासाची खूण होती. जपानमध्ये तीच गोष्ट अडथळा झाली. मार्च 2002 मध्ये ईबेने जपानची साइट बंद केली.

व्होडाफोनची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्यांनी 2001 मध्ये जे-फोन नावाची जपानी कंपनी ताब्यात घेतली. ही साधीसुधी कंपनी नव्हती. कॅमेरावाला फोन आणि फोटो मेल करायची सोय जपानमध्ये याच कंपनीने लोकप्रिय केली होती. व्होडाफोनने 2003 मध्ये नाव बदललं आणि मग जगभर चालतील असे एकसारखे हँडसेट तिथे आणले. एकच मॉडेल सगळीकडे विकलं तर स्वस्त पडतं, हा हिशोब कागदावर बरोबर होता. पण जपानी गिऱ्हाइकाच्या हातात त्याहून चांगले फोन आधीपासून होते. 2006 मध्ये व्होडाफोनने हा धंदा सॉफ्टबँकला विकला. पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, त्यांनी भारतात हच घेतलं, तेव्हाचा तो कुत्रा मात्र त्यांनी बदलला नाही.

आता जे टिकले ते बघा. मॅकडोनाल्ड्सचं जपानमधलं पहिलं दुकान 20 जुलै 1971 ला टोकियोच्या गिन्झात उघडलं. अमेरिकेत त्यांचं गणित उपनगरातल्या रस्त्याचं होतं, गाडीतून या आणि खा. जपानी भागीदार देन फुजिता अडून बसले की पहिलं दुकान गिन्झातच, मित्सुकोशी या नामांकित दुकानाच्या इमारतीत. कारण नवी गोष्ट प्रतिष्ठेच्या जागी दिसली की लोक ती आपली मानतात. नावही त्यांनी जपानी जिभेला जमेल असं 'माकुदोनारुदो' करून घेतलं. अमेरिकन कंपनीने ऐकलं.

सेव्हन-इलेव्हनचंही तसंच. तोशिफुमी सुझुकी यांनी अमेरिकन कंपनीकडून परवाना आणला. सोबत आलेले जाडजूड मॅन्युअल जपानमध्ये फारसे उपयोगाचे नाहीत, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. 1974 मध्ये तोयोसूत पहिलं दुकान निघालं, तेही नवीन बांधून नाही. आधी दारू विकणारं एक घरगुती दुकान होतं, त्याचंच रूपांतर केलं. म्हणजे गल्लीतला ओळखीचा दुकानदार तोच राहिला, मागची यंत्रणा बदलली. पुढे ओनिगिरी आली, रोज ताजा माल आला. 1991 मध्ये जपानी बाजूनेच मूळ अमेरिकन कंपनीचे बहुसंख्य शेअर घेतले! शिष्य गुरूचा मालक झाला.

चारही कंपन्यांकडे पैसा होता. पहिल्या दोघींच्या वेळी निर्णय मुख्य ऑफिसच्या सोयीने झाले. दुसऱ्या दोघींच्या वेळी तिथल्या माणसाच्या हातात नुसतं भाषांतर नव्हतं, 'नाही' म्हणायचा अधिकार होता.

कोडमधली गृहीतकं

आता इंजिनियर मंडळींसाठी. आपण म्हणतो भाषांतराची फाइल टाकली की जपानी व्हर्जन तयार. आमचं काय काय मोडलं ते सांगतो.

नावाचा फॉर्म. जपानमध्ये आडनाव आधी. आणि कांजीत लिहिलेलं नाव कसं उच्चारायचं हे नुसतं बघून नक्की कळत नाही, म्हणून फॉर्ममध्ये उच्चाराचा वेगळा रकाना लागतो, फुरिगाना. आमच्याकडे नव्हता.

तारीख. बऱ्याच कागदांवर सम्राटाच्या काळानुसार वर्ष लिहितात. 1 मे 2019 पासून रेवा काळ चालू आहे, म्हणजे 2025 हे रेवा 7. आमचा डेटाबेस '7' बघून गोंधळला.

एक्सेल. आमची सीएसव्ही फाइल यूटीएफ-8 मध्ये होती. त्यांच्या विंडोजवरच्या एक्सेलने ती शिफ्ट-जिस समजून उघडली आणि सगळी अक्षरं किडामुंगी झाली. याला तिकडे 'मोजिबाके' असा खास शब्द आहे. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइट टाकले असते तर हे टळलं असतं.

आकडे. ते दहा हजाराला 'मान' आणि दहा कोटींना 'ओकू' म्हणतात. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. लाख-कोटीचे स्वल्पविराम चुकीच्या जागी पडले की आपण परदेशी सॉफ्टवेअरला नावं ठेवतो. आम्ही दुसऱ्यांना तेच केलं.

आणि बग आल्यावर काय करायचं? ऑफिसात हे मी रोज बघायचो, पण मला ती कटकट वाटायची. आपली सवय अशी की वीस मिनिटांत दुरुस्त करायचं आणि 'फिक्स केलंय, चेक करा' म्हणायचं. वेगाने काम झालं, गिऱ्हाईक खूश व्हायला हवं. जपानी क्लायंट विचारतो, हे का झालं? आधी का सापडलं नाही? पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंत? टोयोटाची पाच वेळा 'का' विचारायची पद्धत तुम्ही ऐकली असेल, ती पोस्टरवरची नाही, रोजची आहे. या कागदातून ते तुमच्यावर किती विसंबायचं ते ठरवतात.

आता मी काय करतो

पहिलं, भाषा. एन-1 व्हायची गरज नाही. पुण्यात जपानी शिकायची जुनी परंपरा आहे, जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एन-4 पर्यंत आलात तरी समोरचा कधी ताठरला हे कळायला लागतं.

दुसरं, मध्यस्थ आधी, क्लायंट नंतर. जेट्रो ही जपान सरकारची व्यापार संस्था आहे, मुंबईत तिचं ऑफिस आहे, तिथे जाऊन विचारा. तिकडे आधीच रुजलेली आपली माणसं आहेत. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत भारतीय आयटीवाल्यांची मोठी वस्ती आहे, आणि 2019 मध्ये त्या वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी माणूस निवडून आले.

तिसरं, कागद. जपानमध्ये कंपनी 1 येन भांडवलावरही नोंदवता येते, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते खरं आहे. पण तिथे राहून ती चालवायच्या व्हिसासाठी लागणारं भांडवल ऑक्टोबर 2025 पासून 50 लाख येनवरून 3 कोटी येन झालंय. व्हिडिओची तारीख बघत जा.

चौथं, नोकरी सोडण्याआधी पैसे देऊन केलेली लहान ऑर्डर हातात हवी. फोटो नको, वाकून केलेला नमस्कार नको. ऑर्डर.

आणि आमचं काय झालं

2024 च्या शेवटी आम्हाला ओसाकात एक काका भेटले. तीस-पस्तीस वर्षं कारखान्यांना बेअरिंग पुरवून निवृत्त झालेले. त्यांनी डेमो बघितलाच नाही. म्हणाले, आधी तुमची वही कागदावर छापून आणा. तीन महिने फोरमन फक्त तो कागद भरत होता. काका मधूनमधून जाऊन त्याच्याशी बोलत. फोरमनने चार रकाने बदलायला लावले. मग तो स्वतःच म्हणाला, हे मोबाइलवर असतं तर बरं. ऑगस्ट 2025 मध्ये ऑर्डर आली. चार मशीन, एक वर्ष. रक्कम सांगत नाही, तुम्ही हसाल. काकांचा वाटा गेल्यावर आणखीच कमी.

मित्र हिंजवडीत परत नोकरीला लागलाय, आधीपेक्षा कमी पगारावर. त्याचे दोन लाख मी अजून देणं लागतो. त्याने कधी मागितले नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त लागतं. राजीनाम्याच्या दिवशी 'थांब, आधी कागद येऊ दे' असं मी म्हणायला हवं होतं. मला तेव्हा शंका आली होती. पण त्याच्या आनंदावर पाणी कशाला, म्हणून गप्प बसलो. म्हणजे सरळ 'नाही' न म्हणणारा मीही होतोच.

ऑर्डरच्या कागदाचा फोटो मी त्याला पाठवला. लिहिलं, "परत येतोस का? या वेळी मी पण सोडतो."

त्याचं उत्तर आलं, "बघू."

हे मात्र मला दुभाष्याशिवाय कळलं. तरी मी विचारत राहणार आहे.

तुमच्यापैकी कोणी बाहेरच्या देशात काही विकायला निघालं असेल, तर एक काम करा. तिथल्या माणसाला आधी एवढंच विचारा, 'तुमच्याकडे पत्रिका बघून कळवतो, हे कसं म्हणतात?' चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या.